यानापुक्यो

"श्वास रोखून धरा, ताता. पान उलटतेय," सातुर्निना म्हणाली.

दप्तरखान्यातल्या टेबलावर, हाडाच्या पातळ पट्टीनं तिनं पान उचललं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची लोखंडी शाई. अक्षरांनीच कागद कुरतडलेला. समोर म्हातारा सेलेदोनिओ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. दोन दिवसांची वाट तुडवून पठारावरून आलेला. गावच्या झऱ्यावर खाणवाल्यांनी दावा लावला होता, सुनावणी सोमवारी. कोर्टाला स्पॅनिश राजाच्या काळातल्या हद्दपत्राची शिक्क्याची नक्कल हवी होती. झरा त्यात असला तर गावाचा, नसला तर खाणीचा.

सातुर्निना लिहीत होती, एकतीस वर्षं लिहीत आली तशी. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, पण हद्द पाठ होती. लेखणीच्या पुढेपुढे तो गुणगुणत होता:

"काळ्या धोंड्यापासून गिधाडकड्यापर्यंत, गिधाडकड्यापासून जुन्या क्रुसापर्यंत, क्रुसापासून यानापुक्योच्या पाण्यापर्यंत..."

लेखणी थांबली.

मूळ पानावर तिथं भोक होतं, बोटाच्या पेराएवढं. कडा मऊ. कसरीचं काम नव्हतं ते.

दर ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, धरणीमायला घास भरवायच्या दिवशी, गावची वडीलधारी इथं यायची. तोंडात कोकाची पानं. ओले ओठ पाण्याच्या नावावर टेकवायची, डोळे पुसायची, परत जायची. पान तळहातांवर पेलून त्यांच्या ओठांपुढे धरायची ती सातुर्निनाच.

"काय अडलं?" मागून विभागप्रमुख बार्रोननं स्पॅनिशमध्ये विचारलं.

"एक शब्द गेलाय, साहेब. पण मी वाचलाय तो. नोकरीच्या पहिल्या वर्षी अख्खा होता."

"आत्ता दिसतोय?"

"नाही."

"मग? नव्या मुलींना तुम्हीच शिकवता ना, दिसेल तेवढंच लिहा म्हणून? एक शब्द पदरचा घाला, की खाणीचा वकील तुमची सगळी दप्तरं खोटी ठरवेल. चाळीस गावांच्या हद्दी तुमच्या अक्षरावर उभ्या आहेत, बाई." त्यानं वाकून भोक पाहिलं आणि हसला. "खाण हवीच कशाला? यांनीच मुके घेऊन घेऊन पिऊन टाकला की झरा."

तो गेला. सेलेदोनिओला स्पॅनिश येत नव्हती.

"साहेब काय म्हणाले, माय?"

"लवकर आटपा म्हणाले."

तिनं तेवढी जागा कोरी सोडली. उरलेली हद्द उतरवली, खाली सही केली, शिक्का मारला. मग कोऱ्या जागेवर परत आली. हात तिथं बराच वेळ तरंगत राहिला. यानापुक्यो. चार अक्षरं. शेवटी तिनं कंसात लिहिलं: येथे छिद्र.

म्हाताऱ्यानं फडकं सोडून उकडलेला मका आणि चीजचा तुकडा तिच्यापुढे सरकवला.

"घे. घरच्या गाईचं आहे. तेच पाणी पिते ती." नकलेकडे तो देवाकडे पाहावं तसा पाहत होता. "अक्षर काय देखणं आहे गं तुझं. पोरं विचारतील, म्हणून सांग. आमचं पाणी कुठंय यात?"

सातुर्निनानं त्याचं जाड बोट धरून कंसाच्या वर आणलं.

"इथं."

त्यानं टोपी खाली ठेवली, गालातली पानं चावून ओठ ओले केले, वाकला.

"थांबा, ताता. शाई वाळू द्या."

मघाशी तिनं सांगितलं होतं तसाच, श्वास रोखून तो थांबला.