खांबेट्यांचा दगड

आखातातल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद दीनानाथ खांबेट्यांना या खेपेला हवंच होतं. चिटणीस म्हणून सतरंज्या उचलता उचलता त्यांची कंबर गेली होती. निवडणूक शुक्रवारी दुपारी, अबू हलीफात रामभाऊंच्या फ्लॅटवर. तिच्याआधी दीनानाथांचं व्याख्यान, 'झिंबाब्वेचे प्राचीन अवशेष आणि आपले कर्तव्य'. गेल्या साली, म्हणजे चौऱ्याऐंशीत, कंपनीनं त्यांना कामासाठी तिकडे धाडलं होतं. तेवढ्यावर त्यांचा अधिकार उभा होता.

पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला. चादरीवर ग्रॅनाइटची प्रचंड भिंत उमटली.

"चुना नाही, सिमेंट नाही," दीनानाथ म्हणाले. "एक दगड दुसऱ्याला धरून आहे. आणि गोरे म्हणायचे, हे इथल्या लोकांचं काम नव्हेच, कुणीतरी बाहेरून येऊन बांधलं!"

"बरोबर आहे त्यांचं," रामभाऊ म्हणाले. "बिनचुन्याचं म्हणजे कोकणातले गडी गेले असणार. आमच्या गुहागरला आवाराचे गडगे असेच घालतात."

टाळ्या पडल्या. मतं हवी असल्यामुळे दीनानाथांनी ते खोडलं नाही. ते लुटारूंवर घसरले. सोन्याच्या आशेनं भिंती उकरणारे, आठवण म्हणून तुकडे पळवणारे! बोलण्याच्या भरात त्यांनी टेबलावरचं मखमली कापड ओढलं. खाली वीतभर तासलेला दगड होता. त्यावर इंग्रजीत कोरलेलं : डी. व्ही. खांबेटे, अहमदी.

गणपतीत मंडळाला दिलेली भांडी परत येताना बदलून येत. त्यामुळे खांबेट्यांकडे पातेल्यापासून पोळपाटापर्यंत सगळ्यावर नाव होतं. व्याख्यानाला दगड न्यायचा म्हटल्यावर बायकोनं, सुनंदाबाईंनीच बजावलं होतं, "आधी नाव घाला. मागे आपली परात गेली." दीनानाथांनी ते वर्कशॉपमधून कोरून आणलं.

मागून मुनिरा उठली. ती रामभाऊंची शेजारीण, हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. त्या अवशेषांजवळच्याच गावात, भारतीय घरात जन्मलेली. वडिलांचं कापडाचं दुकान अजून तिथे होतं.

"भाईसाब, ये कौनसी दीवार का है?"

"बाहरवाली," दीनानाथ अभिमानानं म्हणाले. "थोडा ढीला था."

"और इसके ऊपरवाला अब किसके भरोसे है?"

दीनानाथ दगडावर पुन्हा कापड ओढू लागले.

"मैं गुरुवार को घर जा रही हूँ," मुनिरा म्हणाली. "दीजिए, वहाँ के म्यूझियम में लौटा दूँगी."

दीनानाथांनी हिशेब केला. दगड न द्यावा तर अध्यक्षपद गेलं. द्यावा तर चोराचं नाव-गाव चोरीच्या मालावरच.

"नाव घासून देतो," ते पुटपुटले.

"ग्रॅनाइट आहे हो ते," सुनंदाबाई म्हणाल्या. "जन्मात जाणार नाही असं कोरा, म्हणून वर्कशॉपमध्ये सांगून आलात ना?"

"राहू दे की!" रामभाऊ उठले. "पुढच्या संशोधकांना कळेल तरी, भिंत कुणी बांधली ते."

पुन्हा टाळ्या. दीनानाथ बिनविरोध निवडून आले आणि अध्यक्ष या नात्यानं त्यांनी दगड घरच्या पिशवीत घालून समारंभपूर्वक मुनिराच्या हवाली केला. मग जिन्यात तिला गाठलं.

"बहेनजी, उनको बोलना, नामवाली साइड अंदर रखें."

"वो तो जैसा था वैसा ही रखेंगे. कौनसी साइड बाहर थी, याद है?"

दीनानाथांना चांगलं आठवत होतं. तासलेली बाजू बाहेर होती. गुळगुळीत म्हणून नाव तिच्यावरच घातलं होतं.

"अहो," वरून सुनंदाबाईंनी हाक मारली, "तिला सांगा, पिशवी तेवढी परत आण. नाव आहे तिच्यावर."