विणेकऱ्याचा खोकला

मानसिंगला खोकला झालाय हे अख्ख्या वळसंग गावाला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एकट्या मानसिंगला. त्याच्या मते त्याचा नुसता गळा बसला होता. भजनात वरची पट्टी लावणाऱ्याचा गळा बसायचाच. ज्येष्ठमध चघळायचा, वर तंबाखूचा बार भरायचा, आणि रात्री घामानं सदरा भिजला की पंख्याला शिव्या घालायच्या, असा त्याचा औषधोपचार महिनाभर चालला होता. साखरेच्या दुखण्याची गोळी आठवली तर घ्यायची. अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायला लागला, तर म्हणाला, एकादशीचं तेज हाय.

त्याची बायको बजाबाई कीर्तनवेडी. मृदंगावर थाप पडली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघायची. पण नवऱ्याच्या भक्तीबद्दल तिचं मत कडू होतं. ह्यांची भक्ती गळ्यापर्यंतच, ती म्हणायची, तिथनं खाली उतरायला वाटच न्हाय.

तिचा जीव अडकला होता तो आरोहीत. ल्योक-सून चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जायची, म्हणून ती एवढीशी नात आजी-आजोबांकडं. आजोबांनी अभंग म्हटल्याशिवाय डोळा मिटायची नाही. डासांपायी खिडक्या लावलेल्या, आणि त्या कोंडलेल्या खोलीत आजोबा नातीच्या तोंडावर खोकत अभंग म्हणायचे.

आणि हाच माणूस गेल्या साली ईश्वरप्पाला क्षय झाला तेव्हा काय वागला होता! भजनी मंडळातून त्याला काढलं, आणि त्याच्या चहाचा गिलास देवळाच्या फाटकाबाहेर खिळ्याला टांगला. ईश्वरप्पानं गोळ्यांचा कोर्स पुरा केला, डॉक्टरनं बरा झाला म्हणून सांगितलं. गिलास काही खिळ्यावरून उतरला नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजाबाईला नीट समजावलं होतं, की हा रोग गिलासात बसत नाही. तो खोकल्याबरोबर हवेतून जातो, आणि साखर, तंबाखूवाल्याला लवकर धरतो. बजाबाईनं घरी येऊन नवऱ्याला त्याचं सार सांगितलं होतं: गिलास येशीला टांगला आन् खोकला अंथरुणात घेतला.

सप्ताह बसला त्याच आठवड्यात देवळाशेजारच्या शाळेत तपासणीची गाडी आली. खोकला दोन आठवड्यांच्या वरचा असेल, साखर असेल, वजन उतरलं असेल, त्यांनी यावं, असं दवंडीवाल्यागत माईकवर सांगत होते. मानसिंग म्हणाला, टीबी दारुड्यांना हुतो, माळकऱ्याला न्हाय. आणि पहाऱ्याची वीणा गळ्यात घालून उभा राहिला. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकानं उतरवली की दुसऱ्यानं विणेकऱ्याच्या पाया पडून गळ्यात घ्यायची. पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला, त्याला यानं हातानंच बसवलं. मी हाय की, म्हणाला. शाळेतून बोलावणं आलं, तर वीणेकडं बोट दाखवलं. सगळ्या टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. देवाच्या आड लपलेल्या माणसाला बाहेर काढायचं कुणी?

बजाबाई बायकांतून उठली. पाया पडून मान पुढं करणाऱ्याला विणेकरी नाही म्हणू शकत नाही, हा नियम तिला पाठ होता. बायकांनी वीणा घेऊ नये असा नियम नव्हता, कारण तो करायची वेळच कधी आली नव्हती. तिनं नवऱ्याच्या पायावर कपाळ टेकलं. एवढ्या संसारात इतक्या तुच्छतेनं तिनं कुणालाच नमस्कार केला नव्हता.

"द्या वीणा," ती उठत म्हणाली, "आन् थुकून या."

टाळ थांबले. कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं. मानसिंगला वीणा द्यावी लागली.

शाळेत म्हणे त्यानं आधी डबीत नुसती लाळ थुंकली. नर्सबाईनं ती परत केली. छातीतनं काढा, म्हणाली, तोंडातलं नगं. छातीचा फोटो काढला, त्यात उजवीकडं वर डाग दिसला. बेडका तपासायला सोलापूरला गेला, याला मास्क मिळाला. मग तिनं विचारलं, एका खोलीत कोण कोण झोपतं? तो बोटं मोजायला लागला आणि आरोहीच्या बोटावर थांबला.

तो परत आला आणि मंडपाच्या बाहेरच थांबला. मघाशी माना डोलावणारे टाळकरी मागं सरकले.

"आरोहीला न्यायचंय तपासाय," तो म्हणाला.

"तिला खोकला कुटं हाय?"

"नसला तरी. जंतू आत निजून ऱ्हातोय म्हणं. बारक्या लेकरांत लवकर उठतोय. निजलाय तवर गोळ्या दिल्या तर बरं." तो जमिनीकडं बघत होता. "तू ने. माज्याजवळ नगं देऊ."

बजाबाईच्या गळ्यात वीणा. तिनं टाळकऱ्यांकडं पाहिलं, तर सगळ्यांना एकदम आंब्याच्या तोरणाची पानं मोजायची होती. तेवढ्यात फाटकाबाहेर बसलेला ईश्वरप्पा आत आला. चपला काढल्या, तिच्या पाया पडला, मान पुढं केली.

मास्कच्या आत मानसिंगचं तोंड सवयीनं उघडलं.

"काय म्हणताय?" बजाबाई म्हणाली. "गिलास आनू खिळ्यावरला?"

तिनं वीणा ईश्वरप्पाच्या गळ्यात घातली आणि आरोहीला आणायला घराकडं भराभर निघाली. पाठीमागं ईश्वरप्पानं सूर लावला. भसाडा, पट्टीच्या पार बाहेरचा. पण देवानं तोही ऐकून घेतला असणार. इतकी वर्षं मानसिंगचा घेतलाच होता की.