वीतभर अंतर

वस्तूचे गुण छापले की लोक ती घेतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दोष छापले तर काय होते, ते मला सत्तावन सालच्या मंडईत, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेत, कळले. नीट कळले की नाही, याची अजूनही खात्री नाही.

तेव्हा मी गोंदियाच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि चुन्नीलालजींच्या साप्ताहिकात ‘नवे यंत्र’ हे सदर लिहीत असे. यंत्रातले मला काही कळत नव्हते. पण यंत्रासोबत येणारी माहितीपत्रके मी शेवटपर्यंत वाचत असे, आणि तेवढे करणारा दुसरा कोणी त्यांना मिळाला नव्हता.

दसऱ्याला बाजारातल्या एका दुकानात मोटारीच्या बॅटरीवर चालणारा भोंगा आला. दुकानदाराने माईक माझ्यापुढे केला. बोलायला काही सुचेना, म्हणून मी खोक्यावरचा कंपनीचा पत्ता वाचला. माझा आवाज आयुष्यात प्रथमच रस्त्यापलीकडे गेला. शरमेने मी एक पाऊल मागे सरलो, आणि आवाज नाहीसा झाला. यंत्र बंद पडले नव्हते. वीतभरापलीकडचे त्याला ऐकूच येत नव्हते.

मला लगेच कवडूदादा आठवला. हा माझा चुलत भाऊ. तिरोड्याजवळच्या आमच्या गावी दिवाळीनंतर मंडई भरते आणि भर दुपारी दंडार होते. समोरासमोर दोन रांगा, पायांत घुंगरू, नाचता नाचताच गाणे. दादा तिचा म्होरक्या. वर्षभर त्याला कोणी विचारत नसे. त्या एका दुपारी मात्र सारे गाव त्याच्या पायांकडे पाही. आणि गावचे चैतराम पाटील मंडईसाठी हाच भोंगा घ्यायच्या विचारात होते. ‘तुम्ही पेपरात काय लिहिता ते पाहून ठरवू,’ असे त्यांचे कार्ड आले होते.

मी चुन्नीलालजींना म्हणालो, “यात एक उणीव आहे. छापावी म्हणतो.”

“मास्टरजी, दुकानवाले का इश्तिहार पहिल्या पानावर आहे. उसी को डुबाओगे?”

“पण वाचक फसेल ना.”

“तो ऐसा लिखो, सच भी रहे और कडवा भी न लगे. इतनी किताबें किसलिए पढी?”

मी चार मसुदे केले. ‘दंडारीसाठी हे यंत्र निरुपयोगी आहे’ हे वाक्य मला उद्धट वाटले, ते खोडले. शेवटी लिहिले: ‘बोलणाऱ्याने यंत्रापासून वीतभर अंतरावर, न हलता उभे राहणे आवश्यक आहे.’ सत्य पूर्ण होते आणि कोणी दुखावलेही नव्हते. दंडारवाले न हलता उभे राहत नाहीत, एवढे पाटलांना कळेलच. त्या वाक्याचा मला आठवडाभर अभिमान वाटला.

मंडईच्या दिवशी गावी गेलो, तर भोंगा मोहाच्या झाडाला बांधलेला. खाली माईकभोवती अकरा माणसे खांद्याला खांदा लावून, हात बांधून उभी होती आणि गात होती. पाय जमिनीत पुरल्यासारखे. दादा कडेला बसला होता, घुंगरू मांडीवर.

“दादा, तू काऊन बसला?”

“हालतो म्हनून. पाटील म्हने, पेपरात लिवलं आहे, हालाचं नाइ. मी करून पाह्यलो लेका. तोंड उभं राह्यते, पाय नाइ राहत.”

“अरे, तो यंत्राचा दोष सांगितला होता. दंडारीचा नाही.”

“मंग तसं काऊन नाइ लिवलं?”

मी पाटलांकडे गेलो. ते भलतेच खूश होते. “या भाऊ! तुमचं शब्दाशब्दानं करून राह्यलो.”

“पाटील, ती उणीव होती.”

“उनीव कायची? बाकीचे पेपरवाले नुसती तारीफ करतेत. तुम्ही वापराचा नियम सांगला, म्हनूनच तं घेतला!”

“पण कवडूदादा...”

“त्याले सांगून पाह्यलं. यंत्राले थोडीच सांगता येते?” आणि त्यांनी मला दंडाला धरून माईकपुढे उभे केले. “लेखक आले आहेत आपले. बोला दोन शब्द.”

सारी मंडई माझ्याकडे पाहत होती. आता तरी स्पष्ट बोलायचे, असे मी ठरवले. बोललोही. हे यंत्र दंडारीच्या कामाचे नाही, घेतले ही चूक झाली आणि ती माझ्या लिहिण्याने झाली, दादाला पुन्हा रांगेत घ्या. सगळे सांगून झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या गर्दीत जाऊन उभे राहिलेले पाटील सर्वांत मोठ्याने वाजवत होते.

मागे वळलो तर दादा जवळच उभा होता.

“बरोबर बोलला तू,” तो म्हणाला.

“मग ते टाळ्या कशाला वाजवत आहेत?”

“त्यायले काय आयकू आलं? तू पाऊलभर मागं होता.”

मग त्याने घुंगरू गुंडाळायला कागद मागितला. माझ्या खिशात साप्ताहिकाचा तो अंक होता. त्यातले एक पान मी फाडून दिले. कोणते, ते मी पाहिले नाही.