भांगाची ओळ

माझ्या अंगाला कोणी हात लावला, की मला आधी शंकाच येते. मित्रांनो, मी कोडची एक जुनी पेटी आहे. समुद्राच्या भरतीची सूचना देणारे एक मोबाईल ॲप माझ्यावर चालते. कोणती ओळ कोणी बदलली आणि का, हे मी कधीच विसरत नाही.

चौलजवळच्या खाडीकाठी साक्षीने मला घडवले. तिचे वडील धर्माजी गावाची उघाडी सांभाळतात. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबांधातले दार. शेतातले पावसाचे पाणी त्यातून खाडीत जाते. उधाणाला ते दार लावले नाही, तर खारे पाणी आत शिरते आणि भाताची रोपे जळतात. माझ्या सूचनांचे गावात केवढे कौतुक होते! पुढे साक्षी नोकरीत गुंतली आणि माझ्याकडे कोणी फिरकेना.

मी सगळ्यांना खुली होते, म्हणून पनवेलचा कुलदीप नावाचा प्रोग्रामर मला सुधारायला आला. त्याने ॲपला भोंगा बसवला. माणूस गोड बोलायचा, म्हणून मला जास्तच खटकला. आणि पाहा, त्यानंतर मी रोजच 'उधाण! उघाडी लावा' असे ओरडू लागले.

उघाडी लावून लावून शेतात पाणी तुंबले. "रोज उधान? ह्यो मोबाईल भांग प्यायलाय का काय!" धर्माजी चिडले. त्यांनी माझे ऐकणेच सोडले. अमावास्येचे खरे उधाण तर आठवड्यावर आले होते. मला धडकी भरली.

"बाबा, त्या कुलदीपनंच बिघडवलंय. त्याचं सगळंच काढून टाकते," साक्षी म्हणाली.

"भोंगा ऱ्हाऊ दे गो. मला बारीक अक्षर दिसत न्हाय."

म्हणून तिने एकेक बदल तपासला. एके ठिकाणी कुलदीपने 'भांग' ही ओळ उडवली होती. कारण लिहिले होते, 'कोणीतरी नशेची थट्टा केली आहे.' आमच्याकडे भांग म्हणजे छोट्या भरतीचे दिवस, हे त्याला कोण सांगणार? ती ओळ गेल्यामुळे मला प्रत्येक भरती उधाणच वाटत होती. साक्षीने कपाळाला हात लावला. मग तिने तेवढाच बदल उलटवला. भोंगा शाबूत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी 'आज भांग' म्हणाले. धर्माजी स्वतः खाडीवर जाऊन पाणी बघून आले. अमावास्येला भर दुपारी भोंगा वाजला. त्यांनी माझ्याकडे संशयानेच पाहिले, पण उघाडी लावली. पाणी बांधाच्या माथ्याशी आले आणि परत गेले. रोपे वाचली.

मित्रांनो, संशय जरूर घ्या, मीही घेते. पण कोणाचे सगळेच पुसण्याआधी एकेक ओळ वाचा. साक्षीने अर्थ कळवल्यावर आता भांगाच्या ओळीशेजारी कुलदीपनेच लिहून ठेवले आहे, 'ही काढू नका. आधी धर्माजींना विचारा.'