बिनधुराची भट्टी

शिवबाईनं हातातली सुताची लड तशीच टाकली आणि सुंदरम्माच्या काखेत हात घालून तिला सावरलं. सुकवणीच्या खोलीत बांबूवर ओलं सूत चढवता चढवता सुंदरम्मा एका अंगाला कलली होती. डोळे उघडे होते, पण ओळख देत नव्हते. पाचवा महिना चालू असलेली बाई. पडली असती तर फरशीवर पोटावरच पडली असती. शिवबाईनं तिला ओढतच दाराबाहेर आणलं आणि लिंबाखाली बसवलं.

दोन घोट पाणी पोटात गेल्यावर सुंदरम्मानं मान वर केली.

"अक्का, मला काय झाला?"

"काय न्हाई झालं. गप बस वाईच."

तेवढ्यात कचेरीतून संगप्पा मालक बाहेर आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा. कोळशाची भट्टी बंद झाल्यापासून ते रोज असे पांढरेशुभ्र येत.

"आता हिला काय झालं?"

"चक्कर आली, मालक. ह्या आटवड्यात तिसऱ्यांदा. काल रंभाबाई वकली. समद्या जणींची डोकी ठणकत्यात."

मालकांनी सुंदरम्माकडे निरखून पाहिलं आणि हसले. "गाल बघ तिचे, कसे गुलाबी झालेत! कोळशाच्या वेळी सगळ्या कावळ्यासारख्या दिसत होतात. आणि काय गं शिवबाई, आत डोकं दुखतं आणि बाहेर आलं की बरं वाटतं, हा कुठला रोग म्हणायचा?"

बाहेर आल्यावर बरं वाटत होतं, हे खरंच होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या काळी सोलापुरात दगडी कोळशाची रेल्वेची वाघीण वेळेवर आली तर आली, नाहीतर सूत रंगवणारे कारखाने आठ आठ दिवस बसून राहत. आलेल्या कोळशात निम्मा दगड. भट्टीचा धूर अंगणभर पसरायचा, बायका खोकून खोकून बेजार व्हायच्या. पण एक होतं. धूर फार झाला की मालकही तोंडाला उपरणं लावून ओरडायचे, "व्हा गं बाहेर, घटकाभर व्हा!" धूर सगळ्यांनाच दिसायचा.

मग पॉलिटेक्निकातले गुरुलिंग सर आले. शुक्रवार पेठेत राहणारे, मालकांच्या नात्यातले, मान खाली घालून बोलणारे. त्यांनी लोखंडी पेटीत वाळू भरली, खालून जाळीतून पंख्यानं वारा सोडला, वाऱ्यात टाकीतला गॅस मिसळला. वाळू पाण्यासारखी उकळायला लागली. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. गॅस त्या वाळूच्या पोटातच जळायचा. ना धूर, ना काजळी, ना राख. वाळू नारंगी दिसेपर्यंत तापवायची, काळपट लाल ठेवायची नाही, एवढं मात्र सरांनी भट्टीवाल्या इमामसाबला दहादा बजावलं होतं.

पहिल्या दिवशी मालकांनी धुराड्याच्या तोंडाशी पांढरा पंचा धरला. पंचा पांढराच राहिला. आणि तिथंच त्यांच्या डोक्यात आलं, की असली स्वच्छ गरम हवा आभाळात कशाला सोडायची? पांढरं सूत वाळवायला ऊन लागतं, पावसाळ्यात ते मिळत नाही. त्यांनी धुराड्याला कोपरासारखा वाकडा तुकडा जोडून नळ सरळ सुकवणीच्या खोलीत वळवला. खिडक्यांना पत्रे ठोकले, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. सूत तासाभरात वाळू लागलं, एक डाग नाही. मधे एकदा सर काचेच्या नळ्यांची पेटी घेऊन आले, नळातली हवा त्यात ओढून घेतली, बराच वेळ बघत बसले आणि पेटी मिटून कचेरीत गेले. बायकांना वाटलं, हवा चांगली निघाली असणार.

सुंदरम्मा उठून उभी राहिली. पदर खोचायला लागली.

"कुटं निघालीस?"

"आत. माझा नवरा घरी बसला अक्का, गिरणी बंद. मी पण बसू?"

शिवबाईनं सुंदरम्माच्या हातात घागर दिली आणि तिला हौदावर पाठवलं. मग ती भट्टीकडे गेली. वाळू काळपट लाल होती. मधेच फट् फट् करत निळा जाळ वर उडायचा आणि विझायचा.

"इमामसाब, वाळू गार दिसती की रं."

"मालूम है मौसी. मालिक बोले गॅस कम रखो, मैं क्या करूं? कॉक पे उनका हाथ, नौकरी पे भी उनकाच हाथ." तो हसला, पण हसू ओठावरच राहिलं. "दूसरी टाकी लाता हूं. जरा देखना."

तो टाकी आणायला गेला. यंत्रं पुसायच्या तेलकट चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात होता. शिवबाईनं दोन्ही हातांत मावतील एवढ्या चिंध्या उचलल्या, भट्टीचं झाकण पदरानं धरून उघडलं आणि आत लोटल्या. झाकण लावलं. हात पाठीमागे पुसले.

नळाच्या तोंडातून काळा लोट खोलीत शिरला तेव्हा आतून बायका किंचाळतच बाहेर आल्या. पाठोपाठ मालक धावत आले.

"सूत! अगं सूत काढा आधी!"

बायका परत आत धावल्या. काखेत, डोक्यावर, मिळेल तसं सूत घेऊन बाहेर येऊ लागल्या. मालकांनी हौदावरून येणाऱ्या सुंदरम्माच्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली आणि तिला दारातून आत ढकललं. हे शिवबाईच्या हिशेबात नव्हतं. ती धावली. धुरात सुंदरम्मा सापडेना. सापडली तेव्हा ती दोन्ही हातांनी सूत उराशी धरून उभी होती. शिवबाईनं ते हिसकून खाली फेकलं आणि तिला बाहेर काढलं.

अंगणात पडलेल्या निम्म्या लडी काळ्या झाल्या होत्या. मालकांनी माणूस पाठवून गुरुलिंग सरांना बोलावून घेतलं. सरांनी भट्टी थंड करायला लावली, झाकण उघडलं आणि सांडशीनं एक जळका बोळा बाहेर काढला. त्याचा वास घेतला. शिवबाई दाराशीच पाठमोरी उभी होती. तिच्या लुगड्यावर पाठीमागे तेलाचे पाच बोटांचे डाग होते. सरांनी ते पाहिले आणि बोळा राखेच्या जुन्या खड्ड्यात टाकला.

मालक आत आले. "काय झालं म्हणायचं?"

"वाळू थंड होती," सर म्हणाले. "गॅस वाढवा. आणि नळ छपरातून वर काढा. नाहीतर सूत असंच काळं होणार."

"आजच काढतो! आधी का नाही बोललात?"

"बोललो होतो मी. मागच्या महिन्यात."

"ते तुम्ही बायांच्या डोक्याचं बोललात हो. सुताचं कुठं बोललात?" मालक पत्रेवाल्याला हाका मारत निघून गेले.

शिवबाई जागची हलली नाही.

"सर, तुमाला ठावं हुतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "त्या नळ्यांत दिसलं होतं. अर्धवट जळलेला वायू. विषारी असतो. त्याला रंग नाही, वास नाही."

"आन आमाला?"

"पुण्याहून भट्टी बघायला मोठी माणसं येणार आहेत. त्याआधी मी सगळं नीट करणारच होतो." त्यांनी राखेच्या खड्ड्याकडे पाहिलं. "हे मी कुणाला सांगणार नाही, शिवबाई."

आणि तरीही ते गेले नाहीत. चष्मा हातात घेऊन उभे राहिले. ते कशासाठी थांबलेत हे शिवबाईला कळायला जरा वेळ लागला.

"तुमच्या नळ्यांचं मी बी न्हाई सांगनार," ती म्हणाली. तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि ते गेले.

दिवस कलायच्या आत नळ छपरातून वर गेला. खिडक्यांचे पत्रे निघाले. लिंबाखाली बसून सुंदरम्मा वर जाणाऱ्या त्या नळाकडे बघत होती.

"अक्का, सर लई चांगला माणूस. आला आणि लगेच काढून दिला. मुलगा झाला तर गुरुलिंग नाव ठेवते बघ मी."

शिवबाई तिच्या शेजारी टेकली. तिच्या केसांत अडकलेली काजळी बोटानं काढत राहिली.

"सुंदरा," ती म्हणाली, "परवापसनं पोर हालतंय म्हनत हुतीस. आज हाललं का गं?"

"हललं की," सुंदरम्मा म्हणाली आणि हसत हसत तिनं पोटावर हात ठेवला. मग तो हात जरा खाली सरकवला. मग दुसरा हात ठेवला आणि वाट बघत राहिली.