पूर्ण पुसलेलं कार्ड

"पुन्हा थांबलं," दादा म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. तिसरी वेळ! काचेपलीकडे मावशी पुस्तक उघडून बसलेली. अंध मुलांसाठी ती पुस्तकं वाचते, दादा रेकॉर्ड करतो. उद्या सकाळी तिच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगेनात. शेवटचं प्रकरण उरलेलं, आणि दर दोन मिनिटांनी रेकॉर्डरची एकच रड: मेमरी कार्ड संथ आहे. त्या जुन्या रेकॉर्डरची कार्डं आता बाजारातही मिळत नाहीत.

मी यंत्रं दुरुस्त करते, म्हणून मला हातातलं काम टाकून बोलावलेलं.

"काय केलंस याला?"

"काही नाही गं. मावशी खोकली की तेवढाच तुकडा पुसतो. आणि सकाळी कॉम्प्युटरला लावून सगळे तुकडे ओळीनं जुळवले, जुन्या डिस्कचे जुळवायचो तसे."

मी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ही काय फिरणारी तबकडी आहे? जुळवून काडीचा फायदा नाही, उलट कार्ड झिजतं. कार्डात कप्पे असतात. लिहिलेल्यावर परत लिहिता येत नाही, आधी अख्खा कप्पा रिकामा करावा लागतो. तू प्रत्येक कप्प्यातलं चिमूटभर पुसलंस. आता एक शब्द लिहायचा तरी बिचाऱ्यानं बाकीचं उचलून ठेवायचं कुठे? जागा ठेवलीयस का तू?"

"मग?"

"सगळं दोन ठिकाणी उतरवून घे. मग कार्ड पूर्ण पुसायचं. वरवर नाही, पूर्ण."

दादाचा चेहरा पडला. "त्यात मावशीची अकरा वर्षं आहेत."

"मला काय ती नको आहेत?" मी ओरडले. आम्हा दोघांना तिनंच वाढवलंय.

तासभर उतरवलं. दोन्हीकडचं ऐकून पाहिलं. पुसायचं बटण शेवटी मीच दाबलं. दादाला ते जमेना.

मावशी वाचू लागली. दोन मिनिटं गेली. पाच. दहा. दादाची नजर रेकॉर्डरवरून हलली नाही. चाळीस मिनिटांनी प्रकरण संपलं, मध्ये एकदाही न थांबता. माझा जीव भांड्यात पडला.

दादाचा हात रेकॉर्डर बंद करायच्या बटणाकडे गेला. मी तो धरला. "राहू दे चालू. आता जागाच जागा आहे."

मावशीनं पुस्तक मिटलं. "झालं ना? मग पुतळ्यासारखे काय उभे राहिलात? ठोंब्या, सकाळपासून जेवलायस का? आणि तू गं चिडके, त्याच्यावर जरा कमी ओरडत जा. उद्यापासून तुला रागवायला मी असेन, पण आवाज असेलच असं नाही."

एकही शब्द तुटला नाही.