हजार नळ्यांची कांडी

नळी १.
मी एक जुनी काचेची कांडी आहे, मित्रांनो. लांबीला वीतभर, पण पोटात केसाहून बारीक अशा हजार नळ्या. एकेक नळी थोडं थोडं सांगेल. मध्येच एखादी गप्प झाली, तर घाबरू नका. किंवा घाबरा.

नळी ४०.
दूरच्या कारखान्यात आम्हा नळ्यांना एकत्र तापवून ओढलं. मग मी मलकापूरच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, यंत्रात बसले. पाण्याचा अर्क वाफ होऊन माझ्यातून धावतो. त्यात मिसळलेलं कुणी पुढे निघतं, कुणी मागे रेंगाळतं. पडद्यावर ज्याचा त्याचा वेगळा सुळका उमटतो. पाणी तपासणाऱ्या सुचिताताई म्हणायच्या, "हिच्यापासून काही लपत नाही."

नळी २१२.
खंडेनवमीला अवजारं पुजतात. मदतनीस दयारामकाकांनी मला यंत्रातून काढून ताटात ठेवलं.
"सालभर राबली बिचारी. कुंकू लावू ना, म्याडम?"
"लावा. पण फोडू नका, काका!"
चिमूटभर कुंकू त्यांनी थेट माझ्या उघड्या तोंडावर लावलं. नंतर वरून पुसून मला पुन्हा यंत्रात बसवलं. आतलं आतच राहिलं.

नळी ३१७.
बंद.

नळी ३१८.
बंद.

नळी ५०५.
सुट्टीनंतर पहिल्याच आल्या मोताळ्याकडच्या पुष्पाबाई, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये विहिरीचं पाणी घेऊन. त्या अंगणवाडीत खिचडी शिजवतात. गावच्या विहिरीवर लोक फवारणीचे पंप धुतात. ते पाणी पिऊन त्यांची बकरी मेली.
"बाई, चाळीस लेकरं हायेत. उद्या त्या पाण्यात खिचडी टाकू का नको, येवढंच सांगा. माही यष्टी चारची हाये."
आधी ओळखीचा नमुना, म्हणजे ज्यात काय काय आहे ते ठाऊक असतं असा, सोडून मला पारखायचं असतं. सुचिताताईंनी घड्याळ पाहिलं. पारखलं नाही.

नळी ६६०.
विष आलं, मित्रांनो. कॅनच्या प्लॅस्टिकच्या अगदी मागोमाग. पण कुंकवानं कित्येक नळ्या तुंबलेल्या. दोघंही एकमेकांत मिसळली. पडद्यावर एकच सुळका.
"इतका जाडा काऊन दिसून राह्यला?" ताई पुटपुटल्या.
"कॅनचं प्लॅस्टिक असन, म्याडम. नेहमीच येते."
काचेला ओरडता येत नाही.
"मावशी, पाणी चांगलं आहे."
पुष्पाबाईंनी लांबूनच मला हात जोडले.

नळी ६६१.
बंद.

नळी ९९९.
काल राहिलेला ओळखीचा नमुना आज सकाळी सोडला. दोन सुळके हवे होते, एक आला. सुचिताताईंचा चेहरा उतरला. त्या पुष्पाबाईंना फोन लावत आहेत. तो नुसता वाजतो आहे. चुलीपाशी कुणाला ऐकू जातं?
मित्रांनो, माझी पूजा करू नका. माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी, रोज, मला पारखा.
दयारामकाकांनी गाडीला किक मारली. गाव पाऊण तासावर आहे. लेकरं अकराला जेवायला बसतात. आता साडेदहा वाजले आहेत.